पॅरिशला गाव नसतं

त्या मंगळवारी मास्तरांच्या दाराला कुलूप नव्हतं. मी दोनच्या ठोक्याला पोचले, बेल वाजवली, पुन्हा वाजवली, आणि दार ढकललं तर ते उघडलंच. आत हीटर चालू, रेडिओ चालू, टेबलावर चहाचा अर्धा मग, पार गार झालेला. खुंटीवर त्यांचा जाड कोट लटकत होता. दाराशी बूट मात्र नव्हते. बाहेर पंधरा डिग्री, म्हणजे आपल्याकडच्या मापात उणे नऊ.

घरभर हाका मारल्या. बाथरूम पाहिली, बेसमेंट पाहिलं. गाडी गॅरेजमध्ये जागच्या जागी होती. तिची किल्ली तर त्यांच्या मुलीने उन्हाळ्यातच काढून नेली होती. म्हणजे ब्याऐंशी वर्षांचा माणूस नुसत्या स्वेटरवर पायी बाहेर पडला होता, आणि कधी पडला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशा वेळी शहाणं माणूस काय करेल? फोन उचलून नऊ-एक-एक लावेल. मी तर चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई. थंडीत म्हाताऱ्या शरीराचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. तरी मी फोन खिशात ठेवला आणि एकटीच गाडी काढून शोधायला निघाले. का, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

मास्तर आमचे शेजारी. शेजारी म्हणजे ॲन आर्बरच्या बाहेर, जिथे दोन घरांच्या मध्ये मक्याचं शेत असतं, तसले शेजारी. 'मास्तर' हे मी माझ्यापुरतं ठेवलेलं नाव. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही, कुणी समोर दिसलं की शिकवायला सुरुवात. मूळचे स्कॉटलंडचे, तिथल्या एका आडबाजूच्या शेतकरी मुलखातले. एकोणिसाव्या वर्षी इकडे आले ते कायमचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच मुलगी, ती ओहायोत, डब्लिनला, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तीन-साडेतीन तासांचा ड्राइव्ह.

मास्तरांचं एक पुस्तक चाललं होतं. त्यांच्या पॅरिशचं आणि तिला लागून असलेल्या तीन पॅरिशांचं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख. ती हद्द कुठून कुठे जाते, बराच वेळ ओढ्याने जाऊन मध्येच ओढा सोडून डोंगर का चढते, कुठलं शेत कुठल्या चर्चला जोडलेलं आणि ते पुढे का बदललं, असं सगळं. "हे वाचणार कोण?" मी एकदा विचारलंसुद्धा. "तुम्ही वाचताय की," म्हणाले. त्यांची नजर अधू झाली होती, हात थरथरायचा. म्हणून दर मंगळवारी दोन ते चार ते सांगायचे आणि मी दोन बोटांनी टाइप करायची.

माझ्या नवऱ्याला ह्याचं भारी नवल. "अगं, आपल्या स्वतःच्या गावाची शीव तुला दाखवता येणार नाही, आणि ह्या बाबाच्या ओढ्याची वळणं तोंडपाठ?" पण माझं मला माहीत. निवृत्त झाल्यापासून मी घरात नुसती ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. मुलं देशाच्या दोन टोकांना, फोन केला की "ऑल गुड, आई" आणि संपलं. मंडळाच्या कार्यक्रमाला जावं तर साड्या, फोटो आणि कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. मंगळवारी मात्र एक माणूस माझी वाट बघत असायचा, आणि पाच मिनिटं उशीर झाला तर चिडायचा. आपल्यावर चिडणारं कुणी असावं लागतं हो, हे नोकरी सुटल्यावर कळतं.

मी खेड्यातच जन्मले, सांगलीकडे. त्यामुळे आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. माझ्या डोक्यात खेडं म्हणजे मध्ये गावठाण, घराला घर लागून, देऊळ, पार, चावडी, आणि सभोवार शिवार. मास्तर पॅरिश म्हणाले की माझ्या डोळ्यांसमोर तेच उभं राहायचं. "मग गावातली माणसं इतक्या लांबच्या शेतावर रोज जायची कशी?" असलं काहीतरी मी विचारायची, आणि मास्तर टेबलावर मूठ आपटायचे.

"गाव नाही! डॉक्टर, कितीदा सांगू? पॅरिशला गाव नसतं. शेतं आहेत, सुटी सुटी, प्रत्येक शेतावर एक घर. चर्च ओढ्याच्या काठी एकटं उभं आहे, त्याच्या शेजारी चिटपाखरू नाही. गाव कुठून आणू?"

"अहो, पण माणसं जमायची कुठे?"

"जमायची नाहीत. रविवारी चर्चमध्ये, आणि मेल्यावर चर्चच्या आवारात."

मी हो-हो करायची. पण डोक्यातलं गावठाण तसूभर हलायचं नाही.

शेवटी वैतागून त्यांनी माझ्याकडून ट्रेसिंग पेपरवर पॅरिशचा नकाशा गिरवून घेतला आणि तो आमच्या टाऊनशिपच्या नकाशावर ठेवला, दोन्ही एकाच मापाचे. इथल्या स्वतःच्या घरावर त्यांनी बापाचं शेत नेमकं बसवलं. आमची टाऊनशिप म्हणजे कारभारासाठी पट्टीने आखलेला सहा मैलांचा चौकोन. त्यांची पॅरिश लांबुळकी, वेडीवाकडी, वाळलेल्या मिरचीसारखी. पण आमचा ओढा आणि त्यांचा ओढा जवळजवळ एकावर एक आले, आणि तेव्हापासून आम्हाला बोलायला सोपं झालं. फिरायला निघालो की मध्येच थांबून ते म्हणायचे, "आता आपण शेजारच्या पॅरिशमध्ये शिरलो." आणि खरंच तिथे शेजारच्या टाऊनशिपची पाटी असायची. आम्ही दोघंही हसायचो.

ऑक्टोबरात ते हसणं बंद झालं. एका सकाळी मास्तर मला ओढ्याच्या पुलावर दिसले, पायांत घरातल्या सपाता. मला म्हणाले, "आपली बाजू कुठली?" मला वाटलं, चेष्टा करताहेत. डोळ्यांत पाहिलं तर चेष्टा नव्हती. मग नोव्हेंबरात टपाल टाकणाऱ्या बाईने त्यांना हमरस्त्याच्या कडेवरून उचलून माझ्या दारात आणून सोडलं. खिशात माझा नंबर सापडला म्हणे. दोन्ही वेळा तासाभरात गडी पुन्हा ठणठणीत, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझे हात धरले.

"मुलीला सांगू नका. तिने बजावलंय, असं एकदा जरी झालं तर घर विकायचं आणि ओहायोला, तिथल्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये. दोन प्रकरणं राहिलीत, डॉक्टर. तेवढं पुस्तक होऊ द्या. मग मी स्वतःच तिला सांगतो."

मी दोन्ही वेळा कबूल केलं.

म्हणून त्या मंगळवारी फोन खिशात राहिला. पोलिसांनी सगळ्यात आधी मुलीलाच कळवलं असतं, आणि मास्तरांचं घर गेलं असतं. मी म्हटलं, असतील पुलावरच. कुणाला कळायच्या आत घरी आणते, गरम चहा पाजते, झाकली मूठ झाकलेलीच राहील.

पुलावर नव्हते. हमरस्त्याच्या कडेला नव्हते. सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं, त्यामुळे असले-नसले ठसे बुजून गेलेले. मी काच खाली करून हाका मारत, दहाच्या स्पीडने गाडी चालवत होते. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत गेला, त्याला मी मराठीतून एक सणसणीत शिवी हासडली. वीस मिनिटं मी अशी घालवली. मग घड्याळ बघितलं, तेव्हा कुठे गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला.

पोलीस लगेच आले, ते सांगायला हवं. एक तरुण अधिकारी होता, शांत, नम्र. म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त ओळखता. ते कुठे जातील?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "चौकात."

आमच्या टाऊनशिपमध्ये एक चौक आहे. चर्च, पोस्ट ऑफिस, एक जुनं दुकान, गॅस स्टेशन, पाच-पंचवीस घरं. वाट चुकलेला माणूस गावाच्या मध्याकडेच जाणार ना! देवळाकडे, पाराकडे, जिथे चार माणसं दिसतील तिकडे. इतकं उघड होतं ते मला. त्यांच्या डोक्यात पॅरिश घोळते आहे, ते चर्चकडे जाणार, हेही मी त्या पोराला पटवून दिलं. मी डॉक्टर, मी मैत्रीण, त्याने का म्हणून शंका घ्यावी? दोन्ही गाड्या चौकात गेल्या. दुकानात विचारलं, पोस्टात विचारलं, चर्चच्या मागची शेड उघडून पाहिली. मी फोनवरचा फोटो दाखवत दारोदार फिरत होते. मध्येच मुलीला फोन केला. "तुझे वडील सापडत नाहीयेत," म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "निघाले." आणि फोन ठेवला.

साडेतीन वाजले. डिसेंबरात आमच्याकडे पाचला अंधार. दोन-तीन तासांपूर्वी निघालेला माणूस स्वेटरवर अजून किती वेळ काढेल ह्याचे आकडे मला नको असताना डोक्यात येत होते. पहिल्यांदा कुडकुडतो. मग जीभ जड होते. मग कुडकुडणं थांबतं, आणि ते थांबलं की समजावं, वेळ भरत आली.

तेवढ्यात नवरा आला, गाडीत घरातली सगळी ब्लँकेट्स कोंबून. मी त्याला धापा टाकत काय काय झालं ते सांगितलं. तो चौकाकडे बघत राहिला.

"अगं, पण तो माणूस ह्या चौकात येतो कधी? सामान तर तूच आणून देतेस."

"अहो, पण ते आत्ता पॅरिशमध्ये आहेत ना मनाने!"

"बरं. मग त्या पॅरिशला असला चौक आहे का?"

कप्पाळ माझं! मी तिथेच रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं हा माणूस टेबलावर मुठी आपटून सांगत होता, गाव नाही, गाव नाही, गाव नाही. आणि ऐन वेळी मी पोलिसांचा फौजफाटा घेऊन गेले कुठे, तर माझ्या सांगलीकडच्या गावठाणात! पाऊण तास वाया घालवला मी. माझ्या डोक्यातल्या पाराभोवती माणसं फिरवत ठेवली, आणि मास्तर तिकडे गोठत होते.

रडायला वेळ नव्हता. मी नवऱ्याच्या गाडीत बसले, डोळे मिटले आणि मागच्या मंगळवारी काय टाइप केलं ते आठवायला लागले.

मागच्या मंगळवारी तुटक जमिनीचं प्रकरण होतं. त्यांच्या पॅरिशचा एक तुकडा मूळ हद्दीपासून तुटून, शेजारच्या पॅरिशच्या पलीकडे पडलेला होता. जुन्या कुठल्या जमीनदारीमुळे तो तसाच राहिला. तिथे एकच शेत, मास्तरांच्या आईच्या माहेरचं. तिथल्या माणसाने मरायचं ते ह्याच पॅरिशचा म्हणून. म्हणजे शेजारच्यांचं चर्च अगदी हाकेच्या अंतरावर असलं तरी त्याला तिथे जागा नाही; शवपेटी खांद्यावर घेऊन, शेजारची अख्खी पॅरिश ओलांडून, आपल्या चर्चला आणायची. त्या वाटेवर मध्ये एक सपाट दगड होता. पेटी त्यावर टेकवायची, दम घ्यायचा, आणि तिथे ह्या बाजूची माणसं वाट बघत उभी असायची. पुढचा खांदा त्यांचा.

हे ऐकून मी टाइप करायचीच थांबले होते. "अहो, आमच्याकडे ह्याला विसावा म्हणतात!" तिरडी अर्ध्या वाटेत खाली ठेवायची, खांदेकरी बदलायचे, तिथे दगड ठेवायचा. मास्तर हरखून गेले. ताबडतोब तळटीप घालायला लावली, विसावा शब्दाचा उच्चार माझ्याकडून चारदा म्हणवून घेतला. मग मला म्हणाले, घ्या पुढे. अमेरिकेला निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांचे आजोबा गेले, आईचे वडील. त्या दगडापाशी जाऊन खांदा द्यायचं काम मास्तरांचं होतं. ते शहरात गेले होते, बोटीच्या कागदपत्रांसाठी. धावत दगडापाशी पोचले तेव्हा पेटी पुढे गेली होती. त्यांच्या जागी शेजारच्या पॅरिशमधल्या कुण्या परक्या माणसाने खांदा दिला होता.

मी ते वाक्य टाइप केलं. मास्तर म्हणाले, "खोडा ते. तो भूगोल नाही." मी खोडलं.

"अहो, दगड!" मी ओरडले. "त्या दगडाकडे गेलेत ते!"

ट्रेसिंग पेपर मीच गिरवलेला, त्या दगडाच्या खुणेसकट डोळे मिटले तरी दिसत होता. मास्तरांच्या घरापासून ईशान्येला, सव्वादोन-अडीच मैल. आमच्या ओढ्याच्या पलीकडे, झाडांची एक रांग आहे तिच्याही पुढे. म्हणजे शेजारच्या टाऊनशिपमध्ये. मी त्या अधिकाऱ्याला खिडकीतून जागा सांगितली. तो म्हणाला, ती हद्द आपली नाही, पण लगेच तिकडे कळवतो आणि मीही येतो. तो वायरलेसवर बोलेपर्यंत नवऱ्याने गाडी वळवलीसुद्धा.

रस्ता म्हणजे नुसती काच झाली होती. नवरा जपून चालवत होता आणि माझा जीव वर-खाली होत होता.

"अहो, जरा पाय दाबा ना!"

"दाबतो, आणि खड्ड्यात जातो. मग तिघांना उचलायला बोलव."

"तुम्हाला कळत कसं नाही!"

"कळतंय गं मला. गप्प बस जरा," तो म्हणाला. त्याचाही आवाज फाटला होता.

झाडांच्या रांगेपाशी डांबरी रस्ता संपला. पुढे शेताच्या कडेने ट्रॅक्टरची वाट. आम्ही उतरून चालायला लागलो. उजेड करडा व्हायला लागला होता, बर्फ डोळ्यांत जात होतं. शेतातून काढून बांधावर ढकललेले मोठमोठे धोंडे इकडे सगळीकडे असतात. त्यातला एक जरा सपाट होता आणि त्याच्यावर काहीतरी होतं. मला वाटलं, गोणपाट टाकलंय कुणी. मग त्या गोणपाटाची मान हलली.

मास्तर ताठ बसले होते. केसांवर, खांद्यांवर बर्फ. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटं मेणासारखी पांढरी. ते कुडकुडत नव्हते. बघितल्याबरोबर ते माझ्या लक्षात आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जीभ जड झालेली. "गेली का पेटी?"

"नाही," मी म्हटलं. "अजून यायचीय. तुम्ही वेळेवर आलात."

त्यांचा चेहरा जो काही सैलावला! आयुष्यात मी कितीतरी लोकांना चांगली बातमी दिली असेल, पण असा चेहरा पाहिलेला आठवत नाही. मी त्यांचा ओला स्वेटर काढला, माझा कोट घातला, वरून ब्लँकेट्स गुंडाळली. नवरा हात चोळायला गेला तर त्याच्यावर खेकसले, "चोळायचं नाही! छातीशी धरा, नुसतं धरा!" आम्ही दोघं सत्तरीतली माणसं, एकाने काखेत, एकीने गुडघ्यांखाली धरून त्यांना गाडीपर्यंत आणलं. वाटेत दोनदा टेकवावं लागलं. तोवर दोन्ही टाऊनशिपच्या गाड्या लाल-निळे दिवे लावून येऊन ठेपल्या होत्या, मागोमाग ॲम्ब्युलन्स.

मास्तर वाचले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मात्र वाचली नाहीत. कुणी मला दोष दिला नाही, उलट इमर्जन्सीतल्या पोरीने माझे आभार मानले, तुम्ही नेमकी जागा सांगितलीत म्हणून. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. वीस मिनिटं आधी फोन केला असता, पाऊण तास चौकात घालवला नसता, तर बोटं राहिली असती. एवढं मला कळतं.

सात वाजता मुलगी पोचली, ऑफिसच्याच कपड्यांत. आत जाऊन वडिलांना बघून आली. ते तोवर शुद्धीवर, बऱ्यापैकी भानावर होते. दार उघडं होतं, आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, आणि ते माझ्याकडे टक लावून बघत होते. मुलीने माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"मला एकच सांगा. हे पहिल्यांदाच झालं का?"

आता 'हो' म्हटलं असतं तर कदाचित अजून सहा महिने मिळाले असते. एक माणूस घरी ठेवू, दाराला अलार्म बसवू, असं काहीतरी तिचं मन वळवता आलं असतं. आतून मास्तर मान हलवत होते, अगदी बारीक, सांगू नका अशी. मला ते स्पष्ट दिसत होतं.

"तिसऱ्यांदा," मी म्हटलं. "ऑक्टोबरात एकदा, नोव्हेंबरात एकदा. मला माहीत होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही डॉक्टर आहात." आणि उठून वडिलांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत घर आवरलं गेलं. मी डबे घेऊन जात होते, मुलगी दारातच घेऊन "थँक यू" म्हणायची. पुस्तकाचे कागद तिने एका खोक्यात भरून माझ्या दारी ठेवले, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. निघायच्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "जा, भेटून ये. नाही गेलीस तर जन्मभर माझं डोकं खाशील." मी गेले.

मास्तर गाडीत पुढच्या सीटवर बसले होते, पट्टा लावून. मुलगी आत कुलपं तपासत होती. त्या दिवशी ते अगदी भानावर होते, पूर्वीसारखे. मी काच खाली करायची खूण केली.

"मी तिला सांगितलं म्हणून तुम्ही रागावलात," मी म्हटलं. "मला माफ करा."

"त्याचा राग नाही," ते म्हणाले. "आधी दोनदा सांगितलं नाहीत, त्याचा आहे."

"अहो, तुम्हीच तर माझे हात धरून..."

"असेन. मला आठवतही नाही नीट. तुम्हाला आठवत होतं." ते म्हणाले. "मी विसरणारा माणूस. तुम्ही डॉक्टर. माझं का ऐकलंत?"

"पुस्तकासाठी," मी म्हटलं.

वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले. मुलगी पायऱ्या उतरत होती.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "तुम्ही गेलात तर मला कुणी उरत नव्हतं. म्हणून."

त्यांनी मान हलवली, बरोबर उत्तर आलं अशी. मग खिडकीतून हात बाहेर काढला, पट्टी बांधलेला. मी तो जपून धरला, आणि ते म्हणाले, "थंडी आहे. घरी जा." मुलीने गाडी सुरू केली, आणि मला हात सोडावा लागला.